बारा टेबलं, एक वायर

नाही, पण मला सांगा, बारा टेबलं, बारा कॉम्प्युटर, आणि वायर किती? एक! या मशीनच्या पाठीतून त्या मशीनच्या पाठीत, तिथून पुढच्या... अशी काळी, करंगळीहून बारीक, अख्ख्या परीक्षा कचेरीतून फिरवलेली. कुठं कोणाचा पाय लागला, एक सांधा निसटला, की बाराच्या बारा ठप्प. आणि बोलणी कोणाला? वायर मी टाकलेली, म्हणजे मला!

तर तुम्हाला सांगतो, निकालाचा दिवस. चारला फाटकावरच्या फळ्यावर याद्या लागायच्या, बाहेर पोरं आणि त्यांचे आईबाप सकाळपासून ताटकळलेले, आणि अडीचला सगळं बंद! गुण या कोपऱ्यातल्या मोठ्या मशीनमध्ये, प्रिंटर त्या कोपऱ्यात, आणि मधला रस्ता? वायर एकच हो!

घुसलो टेबलांखाली. रांगत. एकानं चपला काढलेल्या, एकीच्या पायाशी लोकरीचा गुंडा, आणि प्रत्येक जण वरून विचारतोय, झालं का, झालं का... अहो, सांधे मोजतोय, थोडा दम धरा! तोवर वर बिघाडाचा निकालही लागून गेला होता. दोष कोणाचा? सात नंबरच्या बाईंचा. का, तर आठवड्याभरात निवृत्त व्हायच्या होत्या, तीस वर्षं टाइपरायटर बडवलेला, कॉम्प्युटरला बिचकायच्या. नक्की त्यांनीच काहीतरी ओढलं असणार, असं सगळ्यांचं ठरलं. मोठ्या साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून घेतलं.

आणि मी सातव्या टेबलाखाली जाऊन बघतो तर सांधा घट्ट, वायर नीट, वर धूळसुद्धा पुसलेली! या एकट्या बाईंनी मला पहिल्या दिवशी विचारलं होतं, की बाबा, वायरीच्या दोन्ही टोकांना ती पितळी टोपणं कशाला? मी सांगितलं, टोक उघडं राहिलं की निरोप तिथं आपटून उलटे फिरतात आणि मागून येणाऱ्यांवर आदळतात. त्यांनी वहीत लिहून घेतलं. बाकीच्यांनी जांभया दिल्या.

मग मीटर लावलं. दोन्ही टोपणं असली की काटा पंचविसावर. आला पन्नासावर! म्हणजे एक टोपण गायब. पळत प्रिंटरच्या कोपऱ्यात गेलो, तिथलं जागेवर. मग दुसरं टोक कुठं?... साहेबांच्या केबिनमध्ये. साडेतीन वाजलेले, आत साहेबांची बोलणी चाललेली, पण जाणार कसं नाही? वायर एकच हो!

आत बाई मान खाली घालून उभ्या. साहेब खुर्चीत मागे रेललेले, आवाज चढलेला, ‘जमत नाही तर हात कशाला लावता? बाहेर लोकांना मी काय तोंड दाखवू?’ आणि बोलता बोलता दोन बोटांत काहीतरी गरगर फिरवतायत. चकचकीत. पितळी.

टोपण!

साहेबांना कसं सांगायचं? तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं... आणि बाईंनी मान वर केली.

‘साहेब, ते तुमच्या हातात आहे ना, ते वायरीचं टोपण आहे.’

साहेबांनी हाताकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, ‘हे? हे मशीनच्या मागे नुसतंच लोंबत होतं. काहीच जोडलेलं नव्हतं त्याला.’

बाईंनी हात पुढे केला. साहेबांनी मुकाट्यानं दिलं. बाई टेबलामागे गुडघ्यांवर बसल्या, टोपण दाबलं, पिळलं, खट्! आणि तिकडून प्रिंटरचा तो कर्कश आवाज, तुम्हाला सांगतो, एवढं गोड मी आयुष्यात ऐकलेलं नाही! सगळी कचेरी उभी राहिली. मी कागद फाडतोय, बाई याद्या लावतायत, शिपाई फळ्याकडे धावतोय... चारला तीन मिनिटं कमी असताना शेवटची यादी लागली, आणि फाटकावर जो गलका उठला! बाई खिडकीशी उभ्या राहून डोळे पुसत होत्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी लिहिलेला अहवाल माझ्या सहीसाठी आला. ‘बिघाड साहेबांच्या केबिनमध्ये, साहेबांच्या उपस्थितीत, साहेबांच्याच हाती सापडला.’

आता यात खोटं काय आहे, सांगा? एक शब्द खोटा नाही! बाई म्हणाल्या, ‘कर बाबा सही, पोरांना निकाल मिळाला ना?’

केली.