हळदीची यादी

केबिन रोडवरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात, डोळ्यांत औषध घातलेल्या एक आजी आणि मांडीवर लॅपटॉप घेतलेली त्यांची नात माझ्या शेजारी बसल्या होत्या.

"चांदणी, थांबलीस का? पुढचं नाव लिही."

"आजी, चुकीचं बटण दाबलं गेलं. हृतिकदादाच्या हळदीची सगळी यादी उडाली."

"दीडशे नावं सांगितलीत मी."

"घाबरू नको. या एडिटरमध्ये यू दाबलं की शेवटचं केलेलं रद्द होतं. हे बघ, आली."

"मला दिसत न्हाय. तू वाच."

"अगं, यू दोनदा दाबलं गेलं. आत्ताच तू काढायला लावलेलं नाव पण परत आलं. मालूआजी, नवघर."

"सहा वर्षं बोलत न्हाय ती नणंद माझ्याशी."

"कंट्रोल आणि आर दाबते, पुन्हा जाईल."

"थांब जरा. हळदीची गाणी तिच्याशिवाय कोनाला येतात?"

"म्हणजे ठेवू?"

"ठेव. आन फोन लाव तिला."

"काय सांगू?"

"वहिनी बोलतेय सांग, आन फोन माझ्याकडं दे."