फलकावरचा एक शब्द

ओबदुलिया: मिरवणुकीतल्या मुलांचे कागदी पंख न्यायला शाळेतली बाई आली असती, भाऊजी. तुम्ही त्यासाठी नाही आलात. काय ते बोला.

सिप्रियानो: थोडं मक्याचं गरम आतोले मिळेल का? वर डोंगरात फार गारठा होता.

ओबदुलिया: चुलीवर आहे, ओतून घ्या. आणि पिता पिता बोला.

सिप्रियानो: वहिनी, उद्या मिरवणुकीच्या पुढे तुम्ही बायका दादाचा फलक धरणार आहात... त्यावरचा एक शब्द बदलायला हवा.

ओबदुलिया: कोणता? ‘तेओदुलो’? तुमच्या सख्ख्या भावाचं नाव आहे ते.

सिप्रियानो: नाव राहू दे. ‘जंगलाचा राखणदार’ हेही राहू दे. खाली ‘मारला’ लिहिलंय ना, तिथे ‘गेला’ लिहा.

ओबदुलिया: गेला! कुठे गेला? सिताक्वारोच्या बाजाराला?

सिप्रियानो: असं नका बोलू. फुलपाखरांच्या उत्सवाला राजधानीतले पाहुणे येणार, टीव्हीवाले येणार. आणि सरकारी कागदावर आहे की पाय घसरून घळीत पडला.

ओबदुलिया: त्या कागदावर साक्षीदार म्हणून सही कोणाची?

सिप्रियानो: ...माझी.

ओबदुलिया: तीस वर्षं त्या घळीतून गस्त घातली त्यांनी. बकरीचा पाय घसरेल तिथे, ह्यांचा नाही. आणि अंग मी धुतलं, भाऊजी. पाणी तुम्ही ओतत होतात. घसरून पडलेल्या माणसाच्या मनगटांवर दोराचे वळ असतात?

सिप्रियानो: पाहिले मी ते. डोळे मिटले की अजून दिसतात.

ओबदुलिया: तरी सही केलीत.

सिप्रियानो: केली. शिव्या घाला, ऐकून घेतो. पण हा उत्सव दादानेच उभा केला ना? बाहेरची माणसं फुलपाखरं बघायला येतात तोवर लाकूडवाले दबून असतात. उत्सव मोडला की सोमवारी त्यांचे ट्रक वर चढतील. पलीकडच्या डोंगराचं काय झालं, विसरलात? फुलपाखरं ज्यांच्या आसऱ्याने थंडी काढतात ती ओयामेलची झाडं विरळ झाली, एका रात्री कडाक्याची थंडी पडली, आणि सकाळी जमिनीवर मेलेल्या फुलपाखरांचा घोट्यापर्यंत थर.

ओबदुलिया: मला काय सांगता! ती फावड्याने ओढणारे हेच होते. चार दिवस जेवले नाहीत.

सिप्रियानो: मग? पुढच्या नोव्हेंबरात, मृतांच्या सणाला, दादाचा आत्मा फुलपाखरांबरोबर परत येईल. उतरायला त्याला झाड नको?

ओबदुलिया: गोड बोलू नका. शब्द बदलायला सांगितला कोणी?

सिप्रियानो: समितीत ठरलं.

ओबदुलिया: समितीत मी आहे. कालच्या बैठकीत तर पावाचं न् बँडचंच बोलणं झालं. कोणी सांगितलं?

सिप्रियानो: वहिनी, ते नका विचारू.

(ओबदुलियाची मुलगी मिरेया अंगणातून आत येते. हाताला फलकाचा काळा रंग लागलेला.)

मिरेया: काकांना नको ओरडूस, आई. लाकूडवाल्यांची माणसं मला भेटली.

सिप्रियानो: पोरी, गप्प बस. तू कबूल केलं होतंस.

मिरेया: किती दिवस गप्प बसू, काका? आई, मंगळवारी बसमधून उतरले तर पांढरी गाडी उभी होती. आत तिघं. एकाने काच खाली केली. म्हणाला, तूच का गं तेओदुलोची? अक्षर छान आहे तुझं.

ओबदुलिया: अक्षर?

मिरेया: फलक तेव्हा शाळेच्या भिंतीला वाळत होता. म्हणाला, काकाला सांग, उत्सव चांगला झाला पाहिजे, वाईट शब्द नकोत. मग मी किती वाजता सुटते ते त्यानेच मला सांगितलं. मिनिटासकट.

ओबदुलिया: मंगळवारी. आज शनिवार. आणि तू माझ्या शेजारी झोपत होतीस.

मिरेया: तुला कळलं असतं तर तू त्यांच्या दारात गेली असतीस.

सिप्रियानो: म्हणून मी रोज बस थांब्यावर येऊन बसतो, वहिनी. गुडघे दुखतात म्हणून बसत नव्हतो तिथे. दादाला नाही राखू शकलो. हिला...

ओबदुलिया: पुरे. रडू नका पोरीसमोर. मिरेया, पांढरा रंग उरलाय?

मिरेया: आहे अर्धा डबा. पण आई, तूच म्हणाली होतीस, तोच शब्द लिही, मोठ्ठा लिही.

ओबदुलिया: म्हणाले होते. आता म्हणते, पूस.

मिरेया: आणि वर ‘गेला’ लिहू?

ओबदुलिया: नाही. ते खोटं माझ्या घरातून बाहेर पडणार नाही. काहीच लिहू नकोस.

सिप्रियानो: मधेच रिकामी जागा? लोक विचारतील.

ओबदुलिया: गावातलं कोणी विचारणार नाही. पाहुण्यांनी विचारलं तर तुम्ही सांगा, भाऊजी. सही तुमची आहे. आणि मिरवणूक निघाली की हिला घेऊन तोलुकाला जा, माझ्या बहिणीकडे. पोचवल्याशिवाय परत येऊ नका.

मिरेया: मी नाही जाणार.

ओबदुलिया: जाशील. ब्रश घे.

सिप्रियानो: डबा मी धरतो, पोरी.

मिरेया: आई, पांढऱ्याखालून काळं दिसतंय. अजून एक हात देऊ?

ओबदुलिया: नको. एवढं पुरे.