पुढे केलेला पाय

जनावरांच्या दवाखान्यात नंबर लावून बसलो होतो. एक नर्सबाई ड्यूटीवरच्या पांढऱ्या कोटातच मांजर घेऊन आल्या, तसा शेजारच्या आजोबांच्या कुत्र्याने पुढचा पाय उचलला.

“अगंबाई, शेकहँड करतोय!”

“नाही हो ताई. तुमचा कोट बघितला ना, रक्त काढायला पाय पुढे करतोय.”

“म्हणजे?”

“औषधांच्या प्रयोगशाळेत होता. मीच धरून बसायचो त्याला. दोघं एकदमच रिटायर झालो.”

“माझ्या बाबांच्या गोळ्याही आधी अशाच कुणीतरी...”

“असेल. पण कधी गुरगुरला नाही हो.”

“थांबा, कोटच काढते. हं, बघ सोन्या, गेला कोट!”

“आता घेईल पाय खाली.”

“नाही घेत, आजोबा.”

“मग धरा की. आता शेकहँडच असणार.”