मनी उतरली, मी राहिलो

आमच्या मनीचं तुम्हाला खोटं वाटेल, पण बायकोला विचारा. कुत्रं मागे लागलं आणि मांजर थेट मोहाच्या शेंड्यावर. इकडे तिची तीन पिल्लं टोपल्यात सकाळपासून उपाशी.

"अवो, चढा न! पिल्लं मरतीन ना!" बायको म्हणाली.

चढलो. आंधळगावच्या त्या झाडावरून पार लांबच्या जवाहरनगरात उभ्या बसचा नंबर वाचता येत होता, एवढं उंच! मला पाहून मनी शेंड्याच्या अगदी टोकाला सरकली.

शेवटी बायकोने टोपलंच झाडाखाली आणून ठेवलं. पिल्लं रडताच मनी माझ्या डोक्यावर पाय देऊन सरसर खाली उतरली. तिन्ही पिल्लं चुरूचुरू दूध प्यायला लागली. माझा जीव भांड्यात पडला, मी मात्र झाडावरच.

"आता मले कशी उतरवशीन?" मी वरून ओरडलो.

बायको म्हणाली, "मनी पिल्लांसाठी उतरली. तुमच्यासाठी कोणाले रडवू?"