मंडळाची काउंटी

आमच्या दुबईच्या मंडळातल्या मुलांच्या क्रिकेट मॅचचं सांगते. टीम निवडणारे सावंतकाका म्हणाले, “इंग्लंडच्या काउंटीत परदेशी खेळाडू दोनच खेळवतात. आपणही मराठी न बोलणारे दोनच घ्यायचे.” केरळची दोन मुलं आधीच घेतली होती.

त्यांनी माझ्या मुक्ताला विचारलं, “काय गं, खेळणार ना?”

“ऑफ कोर्स, अंकल!”

“ही तिसरी परदेशी. खलास!”

मुक्ताचे डोळे भरले. मी काकांच्याच रोहनला विचारलं, “बाळा, जेवलास का?”

“नॉट येट, आंटी.”

बाकीच्या पोरांचीही उत्तरं इंग्रजीतच.

मी म्हटलं, “काका, या नियमाने टीममध्ये आपण दोघंच उरतो. बॉलिंग मी करते, विकेटमागे तुम्ही!”

काका हसले. “यल्ला, चल मुक्ता, पॅड बांध! तुझ्या आईची बॉलिंग मला झेपायची नाही.”