माझे गुडघे आणि माझं स्टूल

हॅलो?… कोण?… अदवोबा! अगं बाई, धाकटीला मोठ्या बहिणीची आठवण आली! तीन महिने तमालेत लेकाकडे पडले होते, एकदा तरी विचारलंस, जिवंत आहेस का म्हणून?

हो, हो… गुडघे. आज सगळ्यांना माझ्या गुडघ्यांचा कळवळा आलाय.

कोण म्हणालं मी परत येणार नाही?… तूच? बंदरावरच्या पंचांना? जीभ कशी झडली नाही गं तुझी!

ऐक. मध्ये बोलू नकोस. न्यामेकेनं मला उत्तरेला नेलं, कारण आपल्या अ‍ॅक्सिमची हवा ओली, उशी पिळली तर पाणी निघेल, आणि तिकडची कोरडी. बरं वाटेल आई, म्हणाला. वाटलंही, पंधरा दिवस. मग वाळवंटाकडून तो हरमटानचा धुळीचा वारा सुटला. ओठ फुटले, टाचा फुटल्या, आणि पहाटेच्या गारठ्यात गुडघे असे धरायचे की सून हाताला धरून मोरीपर्यंत न्यायची. मला! हाताला धरून!

काय म्हणाली डॉक्टरीण? मला अक्षर कळत नाही, पण कान आहेत. म्हणाली, आजी, हवेनं कुणाचं दुखणं वाढतं, कुणाचं नाही. पण खुर्चीत बसून राहिलात तर कुठल्याही हवेत सांधे धरणारच. चालत्या राहा. आता तूच सांग, मी कुठं चालू? सुनेच्या ओट्यावर?

मंगळवार आहे, ठाऊक आहे मला. समुद्राच्या विसाव्याचा दिवस, होड्या जात नाहीत, म्हणून तर पंच बसलेत. माझ्या स्टुलावर, मासळीबाजाराच्या मुख्य बाईच्या मानाच्या जागेवर, तुला बसवायला… तात्पुरतं? तेवीस वर्षं मी भाव बोलल्याशिवाय त्या वाळूवरून एक मासा हलला नाही. आणि तू? होडीवाला हसून बोलला की तू चढा भाव देऊन मोकळी!

आवाज?… बसचा. हो, बसचा! काल तमाले सोडलं. ताकोराडीसुद्धा मागं पडलं, पोचतेच आता. खिडकी उघडी आहे, वारा कसा चिकट लागतोय तोंडाला…

थांब.

…डावा गुडघा ठणकतोय. आई गं… अदवोबा, वाळूवर मासळी वाळत घातलीय का?… सगळ्या बायकांची? कुणी सांगितलं घालायला?… तू! आभाळ बघून! अगं, उचलायला लाव. आत्ता. पाऊस येतोय.

बसच्या धक्क्यांनी? धक्क्यांनी उजवा दुखतो. हा डावा आहे.

हसू नकोस. पंचांकडे दे फोन… दे म्हणते ना!… नको देऊस. त्या बायकांची आठवड्याची मेहनत तुझ्या डोक्यावर.

…हॅलो? हे काय वाजतंय? पत्रा ना?… आला?

ऐकू येतंय मला, बायका कशा ओरडताहेत ते. बोल ना आता माझ्या गुडघ्यांबद्दल काहीतरी!… रडतेस काय? टोपल्या उचल. आणि अदवोबा… अगं ऐक ना… आधी उठ माझ्या स्टुलावरून, आणि ते आत ने.

त्याला ओल बाधते. मला नाही. ठेव फोन.