मान वर करून पाहत नाही

हॅलो?… हॅलो, कोण?… हो, मीच, प्रमिला… शकुताई? समुद्रपूरहून?… अवं जोरात बोल, खरखर होऊन राह्यली… पोस्टातून लावला का?… हो, आता येते आवाज.

नाई, झोपला नाई अजून. कडेवरच आहे… वच्छलाबाईच्या बैठकीत उभी आहे मी, फोन घरमालकाचाच ना… हो, त्या इथंच आहेत, गहू निवडून राह्यल्या… सांगते. वच्छलाबाई, ताईनं नमस्कार सांगितला.

नाई वं, नंबर नाई आला. सुदृढ बालकाच्या स्पर्धेत शेजारच्या पोट्टीचा पहिला आला. तिथल्या नर्सबाईनं आपल्या बाळाचा दंड मोजला अन् म्हणे, पोरगा असून असा काडीवानी?… सात महिन्याच्या लेकराले. हे दोन दिवस बोलले नाईत माझ्याशी… असू दे. तू काऊन फोन केला ते सांग.

हो, आजच येऊन राह्यले. चारच्या बसनं, हिंगणघाटहून… पोरीचे मामा, बबनराव. एकटेच… मले माहीत आहे ना, गुरुवारी आपल्या श्रावणचं साक्षगंध आहे. त्याच्या आधी एकदा खात्री करून घ्याची म्हणतात.

कोणी भरले त्यांचे कान?… आवाज पातळ, मनगटं पातळ, म्हणून बायल्या… हो, लोक म्हणतात. मास्तर झाला तरी म्हणतात. शाळेतले पोट्टेही म्हणत असतील.

हो… हो… ऐकून राह्यली. काय काय सांगू?… वजन वाढलं. बरं. रोज आखाड्यात जातो. बरं. गळ्याचं दुखणं होतं म्हणून आवाज तसा… ताई, श्रावणले गळ्याचं दुखणं कधी होतं?… बरं. सांगीन.

अंडी? बाबानं त्याच्यासाठी अंडी आणली?… अंगणातल्या चुलीवर उकडतात? अन् आई?… पदर नाकाले लावून बसते. कमाल आहे.

एक मिनिट…

नाई, काही नाई. वच्छलाबाई चहा ठेवाले आत गेल्या. आता ऐक. मधात बोलू नको.

मले श्रावणचं पत्र आलं परवा… नाई, ह्यांच्या हाती नाई लागलं. तांदळाच्या डब्यात ठेवलं आहे… त्याले लग्न नाई करायचं… ही कांता नको असं नाई वं. कोणतीच नको… नाई, संन्यास नाई. ताई, त्याचं मन बाईवर जात नाई. पुरुषावर जाते… ऐकू आलं का?… हो. तेच म्हटलं मी… चेष्टा काऊन करीन?

हॅलो?… आहेस ना?

नाई, अंगात काही कमी नाई त्याच्या. डॉक्टर काय करीन?… अंडी खाऊन जाईल? लग्न झालं की ठिकाणावर येईल?… अन् नाई आला तर? ती पोट्टी कॉलेजात माझ्या दोन वर्षं मागं होती, ताई. लायब्ररीत माझ्यासाठी पुस्तक दाबून ठेवायची. तिनं घरी सांगितलं म्हणे, प्रमिलाताईचा भाऊ आहे, मग आणखी काय पाहायचं.

अन् जमवलं कोणी? मीच ना. पहिल्यांदा हे बबनराव मामाजी चौकशीले आले तेव्हा मीच म्हटलं, आमचा श्रावण पोरींकडे मान वर करून पाहत नाही. त्याच एका वाक्यावर त्यांनी हो म्हटलं… आपण सगळेच म्हणत होतो. आई तर हळदीकुंकवात सांगायची. एवढी वर्षं कौतुक केलं, कोणाले वाटलं नाई की एकदा त्यालेच विचारावं.

नको. रूपरावले नको मधात घेऊ… माहीत आहे ना मले, त्याच्यासारखा पहिलवान तालुक्यात नाई. मांड्या, मिशा, सगळं पाहिलं आहे. बाबानंच पाठवलं ना श्रावणले त्याच्या आखाड्यात, त्याच्यासारखा मर्द हो म्हणून… ताई, त्याले समजवाले लावू नको… नको म्हणते ना… अवं, तोच आहे तो!

…हॅलो?

हो. रूपराव… हे माझ्या तोंडून निघायले नको होतं. श्रावणनं शपथ घातली होती. तू विसरून जा. रूपरावले बायको आहे, दोन लेकरं आहेत… नाई, कोणालेच नाई. बाबाले तर मुळीच नाई.

रडू नको. पोस्टात उभी आहेस तू, पोस्टमास्तर पाहत असतील… मी? मले रडू नाई येत. परवापासून काहीच नाई येत. सकाळी पोळ्या लाटत बसली, कणीक संपली तेव्हा कळलं.

हॅलो… हो ऑपरेटर, वाढवा. चालू राहू द्या.

ऐक ना वं. श्रावणनंच लिहिलं, “ताई, मामांना सांग, मला झटके येतात.”… मिरगी, हो… तेच पाहिजे ना त्याले. हिंगणघाटचे देणार नाईत, अन् दुसरं कोणी विचाराले येणार नाई… पत्रिकेत एकनाड कुठून काढू आता? अठ्ठावीस गुण जुळले म्हणून बाबानं गावभर पेढे वाटले.

मग तूच सांग. मोठी आहेस. झटके सांगू, का खरं सांगू?… सांग ना…

झटके. बरं.

किती लवकर म्हटलं तू.

नाई, चिडली नाई. मीही तेच म्हटलं असतं… हो, तो पण विचार केला. मामाले मिरगी म्हणजे या कडेवरच्या भाच्याचंही नाव निघणारच. सासूबाई ताप आला की आधी माझ्या माहेराकडे पाहतील. झोपेत दचकला, डोळे फिरवले, की झालं… आत्ता माझ्या पदराचं टोक चोखून राह्यला. त्याले काय माहीत.

अन् नाई सांगितलं तर ती कांता जन्मभर आरशात पाहून विचारीन, माझ्यात काय कमी आहे. मग कोणाले झटके…

हो ताई, लोणचं पाठवजो. मुरलं असलं तर पाठवजो… हो, आल्या त्या. चहा घेऊन आल्या.

काय म्हणता, वच्छलाबाई?… फाटकात? धोतर-टोपी, हातात पिशवी?… तेच. बबनराव. इकडेच बोलवा त्यांले… नाई, माझ्या खोलीवर नको. इथंच बरं. अन् याले धरा जरा.

ताई, ठेवू नको फोन. फक्त ऐक.

या मामाजी… बसा ना. बस वेळेवर आली म्हणजे… हो, ताईचाच फोन आहे, समुद्रपूरहून… आई-बाबा बरे आहेत… श्रावणची ना? त्याच्या तब्येतीचंच सांगाचं होतं तुमाले. नाई, वच्छलाबाई, तुम्ही काऊन उठता? बसा, घरच्याच आहात.

मामाजी… आमच्या श्रावणले झटके येतात.

…लहानपणापासून… हो, तोंडाले फेस येतो… औषध चालू आहे… नाई, मागच्या वेळी नाई सांगितलं. चूक माझी आहे… कांताले सांगजा, प्रमिलाताईनं… नाई, काही नका सांगू. चहा तर घ्या… बरं… बरं. सांभाळून जाजा.

ताई, गेले ते. चप्पल घालताना वळूनही नाई पाहिलं. श्रावणले सांग, झालं म्हणा… हो, बाबाले काय सांगाचं ते मी…

काय झालं, वच्छलाबाई?… असं काऊन पाहून राह्यल्या बाळाकडे?… नाई, काही नाई झालं. द्या इकडे. द्या ना त्याले… अवो, जांभई दिली त्यानं. नुसती जांभई दिली.

हॅलो?… ताई?… हॅलो?